गालिच्यावरचा डाग : आधी ओळखा, मग पुसा

दुकान, कार्यालय किंवा हॉटेल, आत शिरताच पाय पडतो तो गालिच्यावर. पाहुण्यावर पहिली छाप पडते तिथेच आणि बुटांचा पहिला डागही पडतो तिथेच. मग घाईघाईने बादलीभर पाणी आणि कडक ब्रश येतो. डाग जात नाही, पसरतो मात्र हमखास.

छत्तीसगढमधील भिलाई हे पोलादाचे शहर. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहराच्या खाणींतून इथे लोहखनिज येते. खनिजाची लालसर भुकटी बुटांच्या तळव्यांना चिकटते आणि गालिच्यावर उतरते. पावसाळ्यात ओल्या फरशीवरच्या लोखंडी कपाटाचे पाय गंजून आपले तांबडे ठसे उमटवतात, ते वेगळेच.

इथून कॅनडा-अमेरिकेत गेलेल्या मुलांकडे हिवाळ्यात राहायला जाणाऱ्या आईवडिलांना मात्र वेगळाच डाग दिसतो, पांढरा. तिकडे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते बुटांबरोबर आत येते, पाण्यात विरघळते आणि पाणी सुकले की गालिच्यावर पांढरी कड उरते.

कोरडे काम आधी

डाग लाल असो वा पांढरा, पहिला नियम एकच : आधी पाणी नको. भुकटी कोरडी असतानाच व्हॅक्युम क्लीनरने ओढून घ्यावी. तो नसेल तर मऊ ब्रशने हलकेच झाडावी. मिठाचे खडे बोथट चमच्याने अलगद सैल करावेत. बारीक कण तंतूंमध्ये राहिले, तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली ते तंतूंना घासत राहतात आणि गालिचा लवकर विरतो.

मिठाच्या डागासाठी पांढरा व्हिनेगर व कोमट पाणी समप्रमाणात घ्यावे. पांढरे फडके त्यात बुडवून घट्ट पिळावे आणि डाग कडेकडून मध्याकडे टिपत जावे. चोळू नये. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने टिपावे आणि कोरड्या फडक्याने दाबून ओल काढावी. एकदा टिपून कड उरलीच, तर हेच पुन्हा करावे.

गंजाच्या लहान डागावर लिंबाचा रस उपयोगी पडतो. थोडा वेळ ठेवून तो साध्या पाण्याने टिपून काढावा. कोणताही उपाय आधी कोपऱ्यात, कपाटाखालच्या भागावर करून पाहावा, रंग उतरतो का ते कळते.

या चुका टाळा

लोकरीच्या गालिच्याला धुण्याचा सोडा लावू नये, तो लोकर खराब करतो. ब्लीचने तर लोकर विरघळतेच, शिवाय गंजाचा डाग जात नाही.

सर्वात मोठा धोका मात्र गालिच्याला नसून माणसाला आहे. एका उपायाने डाग गेला नाही की अनेक जण त्यावर दुसरा ओततात. ब्लीचवर व्हिनेगर, लिंबाचा रस किंवा शौचालय साफ करण्याचे आम्ल पडले, की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत वाकून काम करणाऱ्या सफाई कामगाराच्या डोळ्यांना आणि फुफ्फुसांना तो थेट इजा करतो. म्हणून दोन द्रव्ये कधीच एकत्र करू नयेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि कामगाराला रबरी हातमोजे द्यावेत. गंज काढण्याच्या तयार औषधात ऑक्झॅलिक आम्ल असू शकते. तेही विषारी, ते मुलांच्या हाती लागू देऊ नये.

साफ केल्यावर पंखा लावून गालिचा त्याच दिवशी पूर्ण सुकवावा. तागाचे अस्तर ओले राहिले तर बुरशी धरते आणि त्याचा तपकिरी रंग वर झिरपतो.

पायपुसणे स्वस्त

डाग काढण्यापेक्षा तो न पडू देणे सोपे. दाराबाहेर एक जाड काथ्याचे आणि दाराच्या आत एक कापडी पायपुसणे ठेवावे. दोन्ही रोज झटकावीत. कपाटाच्या पायांखाली प्लास्टिकच्या चकत्या घालाव्यात. एवढ्या छोट्या खर्चात महागड्या गालिच्याचे आयुष्य वाढते आणि ब्लीचची बाटली कपाटातच राहते.