कपाळावर राख, मग उपवास लपवायचा कसा?

ख्रिस्ती उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. पनवेल मुंबई महाधर्मप्रांतात येतं. या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू भाविकांना राख लावतात. ही राख येते कुठून? आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून. म्हणजे जयजयकाराच्या झावळ्यांचीच राख! माणूस मातीचा आहे, याची ती आठवण.

खरी गंमत पुढे आहे. त्याच दिवशी मिस्सामध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला जातो. येशू त्यात सांगतो, की उपवास करताना तोंड पाडून फिरू नका, उलट डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. प्रार्थनाही दार लावून करा.

मग राखेचा सेल्फी स्टोरीला टाकायचा का? राख दुसऱ्याने लावलेली असते, सेल्फी मात्र आपण स्वतः काढतो. फरक तिथेच आहे.

नियम तसे फार कडक नाहीत. १८ ते ५९ वयाच्या कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी उपवास बंधनकारक आहे. त्यातही एक पोटभर आणि दोन हलकी जेवणं चालतात. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस ४६ भरतात, ६ रविवार वगळले की ४०.

वाचलेले पैसे दान करायचे. तेही, त्याच अध्यायानुसार, उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू न देता.