पेटता बर्फ कसा शोधतात?

बर्फ पेटतो का? कोणी असे विचारले, तर आपण हसू. पण समुद्राच्या तळाखाली एक प्रकारचा बर्फ सापडतो. दिसायला तो साध्या बर्फासारखाच पांढरा. त्याला काडी लावा, तो जळू लागतो! जळून गेला की मागे पाणी उरते. शास्त्रज्ञ त्याला गॅस हायड्रेट म्हणतात. आपण त्याला पेटता बर्फ म्हणू.

हा बर्फ होतो कसा? समुद्रातले मेलेले जीव तळाशी जातात. त्यांच्यावर गाळ साचतो. गाळात ते कुजतात आणि त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. दादर-परळच्या कित्येक घरांत पाइपातून गॅस येतो. त्यात मुख्य हाच वायू असतो. सिलिंडरमधला गॅस वेगळा.

खोल समुद्राच्या तळाशी थंडी फार. वर पाण्याचे ओझेही फार. त्यामुळे तिथले पाणी गोठते आणि त्याच्या जाळ्यात वायू कोंडला जातो. कोंडतो तरी किती? एक घागर पेटता बर्फ वितळला, तर सुमारे १६४ घागरी वायू सुटतो!

गिरगाव चौपाटीसमोर मात्र तो मिळायचा नाही. तिथला समुद्र उथळ. त्याला शेकडो मीटर खोल पाणी लागते.

आपल्या देशाला लागणाऱ्या गॅसपैकी जवळजवळ निम्मा बाहेरून विकत आणावा लागतो. म्हणून या बर्फाचा शोध चालू आहे. पण इतक्या खोल पाण्याखाली, त्यातही गाळाखाली काय आहे, हे कळायचे कसे? जागोजागी भोके पाडत बसलो, तर खर्चाला अंत नाही.

इथे आवाज कामाला येतो. बाजारात माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर माठ चांगला. भद्द वाजला तर तडा गेलेला. परळच्या केईएम रुग्णालयात सोनोग्राफी करतात, तीही आवाजानेच. तो आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही एवढेच. तो पोटात जातो, आपटून परत येतो, आणि त्यावरून आतले चित्र उमटते.

समुद्रातही तसेच करतात. जहाज दाबलेली हवा पाण्यात एकदम सोडते. धप्प असा आवाज होतो. जहाजामागे काही किलोमीटर लांब दोर ओढत नेलेला असतो. त्यात आवाज टिपणारी यंत्रे असतात. ते जहाजाचे कानच म्हणा ना!

पाण्यात आवाज एका सेकंदात सुमारे १५०० मीटर जातो. तळाला आपटून तो दोन सेकंदांनी परत आला, तर तळ किती खोल? जायला एक सेकंद, यायला एक. म्हणजे तळ १५०० मीटर खोल.

थोडा आवाज तळ भेदून खाली जातो. पेटत्या बर्फाचा थर घट्ट असतो. त्यातून आवाज भरभर जातो. पण जमिनीत जसजसे खाली जावे, तसतशी उष्णता वाढते. एका खोलीनंतर हा बर्फ टिकत नाही. तिथे वायू मोकळाच असतो. त्यातून आवाज मंद जातो. वर घट्ट, खाली पोकळ, अशा जागेवरून आवाज उलटा होऊन परत येतो. नकाशावर तिथे एक रेघ उमटते. वरचा तळ जिथे चढतो, तिथे ही रेघही चढते. तो उतरला की तीही उतरते. हीच पेटत्या बर्फाची खूण.

ही युक्ती मुंबईला नवी नाही. १९६४ ते १९६७ या काळात एका रशियन जहाजाने आपल्या समुद्राची अशीच पाहणी केली. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर खडकाचा मोठा उंचवटा दिसला. १९७४ साली 'सागर सम्राट'ने तिथे भोक पाडले आणि तेल लागले. तेच बॉम्बे हाय.

पण खूण म्हणजे पुरावा नव्हे. एप्रिल २००६ मध्ये 'जॉइडेस रेझोल्यूशन' हे जहाज पेटता बर्फ शोधायला मुंबईहून निघाले. पहिली जागा केरळ-कोकण भागातली. आवाजाच्या नकाशावरून तिथे आशा वाटत होती. भोक पाडून गाळ वर काढला, तर बर्फाचा पत्ता नाही! जहाज पुढे पूर्व किनाऱ्याला गेले. तिथे कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर, खोल पाण्याखाली मात्र मोठा साठा सापडला. एके ठिकाणी तर थर शंभर मीटरहून जाड. २०१५ साली त्याच बाजूला पुन्हा शोध झाला आणि आणखी साठे मिळाले.

मग हा गॅस आपल्या चुलीत का येत नाही? कारण सापडणे वेगळे आणि काढणे वेगळे. जपानने २०१३ साली समुद्रातून तो काढून पाहिला. सहा दिवसांत विहिरीत वाळू शिरली आणि काम थांबले. शिवाय मिथेन हवेत निसटला, तर पृथ्वीची उष्णता वाढवतो. म्हणून घाई उपयोगाची नाही.

समुद्राखाली खजिना आहे, असे कोणी सांगितले, तर आपण दोन प्रश्न विचारावेत. नुसती खूण दिसली, की भोक पाडून पाहिले? आणि पाहिले असेल, तर तो बाहेर काढता येतो का?

सांगा पाहू :
१. आवाज तळाला आपटून चार सेकंदांनी परत आला, तर तळ किती खोल?
२. चौपाटीसमोर पेटता बर्फ का नाही?
३. नकाशावर रेघ दिसली तरी भोक का पाडावे लागते?