आधुनिक युरोपचा राजकीय इतिहास : शालेय अभ्यास आणि अहमदनगर जिल्हा

आधुनिक युरोपचा राजकीय इतिहास हा महाराष्ट्रातील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत इतिहास विषयाचा भाग म्हणून शिकविला जातो. फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती, वसाहतवाद, दोन महायुद्धे आणि शीतयुद्ध हे त्याचे मुख्य टप्पे होत. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) या टप्प्यांपैकी अनेकांच्या प्रत्यक्ष खुणा आढळतात. नेपोलियनशी झुंजलेला सेनापती, बोअर युद्धकैदी, दोन्ही महायुद्धांतील जर्मन स्थानबद्ध आणि १९४२ मधील भारतीय नेते या सर्वांचा या शहराशी संबंध आला. पाठ्यपुस्तकातील दूरचा वाटणारा भाग समजून घेण्यासाठी या खुणांचा उपयोग होतो.

अभ्यासक्रमातील स्थान

जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या बहुसंख्य शाळा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम शिकवितात. २०१७ ते २०२० या काळात आलेल्या पाठ्यपुस्तकांत आधुनिक युरोप सलग येत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी येतो. आठवीच्या पुस्तकात ‘युरोप आणि भारत’ हा एकच पाठ प्रबोधनकाळापासून भांडवलशाहीच्या उदयापर्यंतचा पल्ला गाठतो. नववीचे पुस्तक स्वातंत्र्योत्तर भारताचे आहे. दहावीचे पुस्तक इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेने सुरू होते. तेथे व्हॉल्टेअर, हेगेल, रांके व मार्क्स भेटतात ते इतिहासाचे अभ्यासक म्हणून. बारावीला प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धे व शीतयुद्ध यांचा पुन्हा परिचय होतो.

या रचनेत एक उणीव राहते. इटली व जर्मनी यांच्या एकीकरणाला स्वतंत्र पाठ नाही. त्यामुळे १८१५ ते १९१४ या शतकात युरोपात काय घडले हे न कळताच विद्यार्थी पहिल्या महायुद्धापाशी येऊन पोहोचतो. मार्क्सचा वर्गसंघर्षाचा सिद्धान्त तो दहावीत पाठ करतो. परंतु ज्या औद्योगिक युरोपात तो सिद्धान्त जन्मला, तो युरोप त्याने दोन वर्षांपूर्वी एका पाठात ओझरता पाहिलेला असतो. केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळांत नववीला फ्रेंच राज्यक्रांती, रशियन क्रांती व नाझीवाद आणि दहावीला युरोपातील राष्ट्रवादाचा उदय असे स्वतंत्र पाठ असल्याने एकाच गावातील दोन विद्यार्थ्यांच्या तयारीत मोठे अंतर पडते. पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास विचारला जातो, तेव्हा हे अंतर जाणवते.

१८०३ : नेपोलियनच्या युद्धांची सावली

मार्च १८०२ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यात आमियाँचा तह झाला. मे १८०३ मध्ये तो मोडला आणि युद्ध पुन्हा सुरू झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ८ ऑगस्ट १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीच्या सैन्याने अहमदनगरच्या पेठेवर हल्ला केला आणि १२ ऑगस्टला दौलतराव शिंदे यांच्या ताब्यातील किल्ला त्याच्या हाती आला. या दोन घटना एकमेकींपासून उद्भवल्या असे म्हणता येणार नाही. मराठ्यांशी झालेल्या युद्धाचे निकटचे कारण ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह हे होते. तथापि शिंद्यांच्या कवायती फौजेचे नेतृत्व पेराँ या फ्रेंच सेनानीकडे होते आणि हिंदुस्थानात फ्रेंचांचा प्रभाव वाढेल ही धास्ती गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीच्या धोरणामागे होती. युरोपातील सत्तासंघर्ष समजल्याशिवाय दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचे उत्तर अपुरे राहते.

उत्तरपत्रिकांत येथे एक चूक वारंवार होते. रिचर्ड आणि आर्थर हे दोन सख्खे भाऊ एकच व्यक्ती समजले जातात. तैनाती फौजेची पद्धत राबविणारा गव्हर्नर जनरल तो रिचर्ड. अहमदनगर व असई येथे लढलेला सेनापती तो आर्थर. हाच आर्थर पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणाऱ्या सैन्याचा सेनापती ठरला.

फ्रेंच राज्यक्रांतीचे विचार

थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ १७९१-९२ मध्ये प्रसिद्ध झाला. एडमंड बर्कने फ्रेंच राज्यक्रांतीवर केलेल्या टीकेला दिलेले ते उत्तर होते. हा ग्रंथ महात्मा जोतीराव फुले यांच्या वाचनात आला. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ पासून चालू होते. मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली व सावित्रीबाईंनी फरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. समतेचा विचार युरोपातून ग्रंथाच्या वाटेने आणि मुलींच्या शिक्षणाचा नमुना अहमदनगरच्या वाटेने असे दोन प्रवाह पुण्यातील १८४८ च्या शाळेत एकत्र आले. ‘फ्रेंच राज्यक्रांतीचे परिणाम’ या प्रश्नाच्या उत्तरात स्वातंत्र्य, समता व बंधुता हे तीन शब्द लिहून थांबण्याऐवजी हे उदाहरण देता येते.

राष्ट्रवाद : मॅझिनी मराठीत

इटलीच्या एकीकरणात मॅझिनीने विचार दिला, गॅरिबाल्डीने सैन्य उभे केले आणि काव्हूरने मुत्सद्देगिरी केली, असे सूत्र शिक्षक परंपरेने सांगत आले आहेत. सूत्र सोपे आहे, मात्र त्यात नेपोलियन तिसरा व ऑस्ट्रिया यांच्यातील वैराचा धागा सुटतो. मराठी वाचकाला मॅझिनीचा जवळून परिचय झाला तो विनायक दामोदर सावरकर यांच्या १९०७ मधील ग्रंथामुळे, जो सरकारने जप्त केला. त्याच काळात पारनेरचे पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट (जन्म १८८०) शिष्यवृत्तीवर ब्रिटनमध्ये शिकत होते. तेथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून त्यांनी बॉम्बची विद्या मिळविली. झारशाहीविरुद्धच्या चळवळीचा पारनेरशी असा थेट संबंध जुळतो.

कैद्यांचे शहर

बोअर युद्ध (१८९९-१९०२) हे दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या वसाहतकारांविरुद्ध ब्रिटनने केलेले युद्ध. पकडलेले बोअर सैनिक समुद्रापलीकडे पाठविण्यात आले. काही सेंट हेलेना बेटावर गेले, जेथे पूर्वी नेपोलियनला ठेवले होते. काही श्रीलंकेत, तर काही भारतात. भारतातील ठिकाणांत अहमदनगर होते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश भारतातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिक शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध झाले आणि त्यांची मोठी छावणी अहमदनगरला उभारली गेली. त्यांत व्यापारी होते, तसेच वर्षानुवर्षे भारतात राहिलेले मिशनरीही होते. १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी या छावणीची पाहणी केली. सराजेव्हो येथील खून (२८ जून १९१४) हे युद्धाचे तात्कालिक कारण. लष्करी गट, वसाहतींची स्पर्धा व आक्रमक राष्ट्रवाद ही मूळ कारणे. हा भेद परीक्षेत हमखास विचारला जातो. ज्याने कधी बंदूक हाती धरली नाही असा जर्मन मिशनरी अहमदनगरच्या तारेच्या कुंपणाआड का बसला, याचे उत्तर सराजेव्होने मिळत नाही, मूळ कारणांनीच मिळते. व्हर्सायचा तह बरोबर पाच वर्षांनी, २८ जून १९१९ रोजी झाला; तारीख एकच असल्याने लक्षात ठेवणे सोपे, आणि वर्षांची अदलाबदल होणेही तितकेच सोपे.

दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. नंगा पर्वताच्या मोहिमेसाठी आलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर याला १९३९ मध्ये पकडून प्रथम अहमदनगरला ठेवण्यात आले. पुढे डेहराडूनच्या छावणीतून तो निसटला आणि तिबेटात पोहोचला.

१९३९ ते १९४५ : एक कारणमालिका

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींना न विचारता भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले. प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९४२ ची क्रिप्स योजना फसली, ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ ठराव झाला आणि ९ ऑगस्टला मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात आणले गेले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदींचा त्यांत समावेश होता. पोलंडपासून भुईकोट किल्ल्यापर्यंत ही साखळी तीन वर्षांत पुरी होते. दुसऱ्या महायुद्धाचा भारतीय स्वातंत्र्यलढ्यावरील परिणाम सांगताना ती क्रमाने लिहिल्यास उत्तर भरीव होते.

नेहरूंनी येथे १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. शालेय वाचकाच्या दृष्टीने त्यांचा आधीचा ‘ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी’ अधिक उपयुक्त आहे. १९३० ते १९३३ या काळात अन्य तुरुंगांतून त्यांनी आपल्या शाळकरी मुलीला लिहिलेल्या पत्रांचा तो संग्रह असून त्यात युरोपातील क्रांत्या व युद्धे गोष्टीसारखी उलगडतात.

परीक्षेची तयारी

दहावीला इतिहास व राज्यशास्त्र यांची मिळून ४० गुणांची लेखी परीक्षा असते. चुकीची जोडी ओळखणे, संकल्पनाचित्र पूर्ण करणे, टीप लिहिणे आणि विधान सकारण स्पष्ट करणे हे नेहमीचे प्रकार. पहिल्या दोन प्रकारांना पाठांतर पुरते. ‘सकारण स्पष्ट करा’ येथे मात्र केवळ घटना सांगून गुण मिळत नाहीत. एका घटनेतून दुसरी कशी निघाली हे दाखवावे लागते. मार्गदर्शिकांतील तयार मुद्द्यांत हा दुवाच बहुधा गळालेला असतो. सनावळी स्वतंत्रपणे घोकण्यापेक्षा एकाच कागदावर दोन स्तंभ आखून डावीकडे युरोप व उजवीकडे भारत अशी समांतर कालरेषा करणे हितकारक. १८०३, १९१४ व १९३९ या तीन ओळींवरच त्याचा उपयोग लक्षात येतो. नकाशाही जवळ हवा; आल्सेस-लॉरेन कोठे आहे हे न पाहता फ्रान्स-जर्मनीचे वैर कळत नाही.

सहलीसाठी किल्ल्याखेरीज शहरातील रणगाडा संग्रहालय (स्थापना फेब्रुवारी १९९४) उपयोगी आहे. तेथे रोल्स-रॉइसची चिलखती मोटार तसेच दुसऱ्या महायुद्धातील व्हॅलेंटाइन व चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे पाहावयास मिळतात. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने शाळांनी प्रवेशाची चौकशी आधी करणे आवश्यक असते. नेते ज्या इमारतीत होते तेथील नेहरूंची खोली स्मारक म्हणून जपलेली आहे.