टेबल फुटबॉल : खरा खेळ रॉड आणि बुशचा

सुट्टीत मुलांसाठी टेबल फुटबॉल घ्यायचे ठरले की मुले खेळाडूंच्या जर्सीचा रंग बघतात, अम्मी किंमत विचारते आणि अब्बू ते घरात कुठे मावेल याचा हिशेब करतात. रॉड ओढून बघायचे मात्र कुणाच्या मनात येत नाही. टेबल बिघडते ते तिथेच.

या खेळाचे पेटंट इंग्लंडच्या हॅरोल्ड थॉर्नटन यांना 1923 मध्ये मिळाले. स्पेनमधली कथा वेगळी आहे. तिथल्या यादवी युद्धात बॉम्बहल्ल्यात जखमी झालेल्या आलेहांद्रो फिनिस्तेरे या तरुणाने इस्पितळात हातपाय गमावलेली मुले पाहिली. मैदानात न उतरता त्यांना फुटबॉल खेळता यावा म्हणून त्याने आराखडा काढला आणि एका सुताराने तो लाकडात उतरवला. त्याने 1937 मध्ये बार्सिलोनात पेटंट घेतले.

म्हणजे हे काम सुताराच्या हातचे आहे. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावात तर ते आणखी सोपे. हा राईस मिलचा मुलुख. मिल तिथे शाफ्ट, बुश बदलणारे हात असतातच. मोडके टेबल भंगारात घालण्याआधी एकदा लेथवाल्याला दाखवा.

आधी मुलांच्या जिवाचे बोलू. साध्या टेबलात रॉड आरपार असतो. इकडून ढकलला की तिकडे बाहेर येतो. टेबलाची उंची साधारण 90 सेंटिमीटर आणि चार वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम 100 सेंटिमीटर, म्हणजे रॉडचे टोक थेट चेहऱ्यासमोर! रबरी टोपीने मार हलका होतो, टळत नाही. फ्रान्सच्या बोंझिनी टेबलांत यावर चांगला उपाय आहे. समोरच्या भिंतीला आतून एक सळई बसवलेली असते आणि खेळाडूंची नळी तिच्यावर सरकते; पलीकडे काहीच बाहेर येत नाही. घरात लहान मूल असेल तर जास्त पैसे पडले तरी असेच टेबल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बुश. टेबल फुटबॉलचा रॉड फिरतो आणि सरकतोही. साधे बॉल बेअरिंग फक्त फिरण्यासाठी असते, म्हणून इथे गुळगुळीत बुश लागतो. स्वस्त टेबलात पातळ प्लास्टिकचे कडे असते. ते झिजले की रॉड खडखडतो आणि शॉट तिरका जातो. रॉडच्या मापाचा नायलॉनचा बुश कोणताही टर्नर काढून देईल. त्यावर खोबरेल तेल घालू नका. धूळ धरून ते चिकट होते. सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. रॉड गरागरा फिरवण्यानेही बुश लवकर जातो. आंतरराष्ट्रीय नियमांत तसे फिरवणे चूकच मानतात, हे मुलांना सांगून ठेवा.

रॉड वाकला असेल तर बदली रॉड भरीव घ्यावा असे वाटते. पण 16 मिलिमीटर जाडीच्या, आत 10 मिलिमीटर पोकळी असलेल्या पोलादी नळीचा हिशेब करून बघा. भरीव रॉडपेक्षा तिचे वजन 39 टक्के कमी होते, ताठपणा मात्र फक्त 15 टक्के घटतो. मुलांच्या मनगटाला ती झेपते आणि झटकन फिरते. बाजारातल्या कागदासारख्या पातळ नळीची गोष्ट वेगळी. तिला पिनेसाठी भोक पाडले की ती तिथेच वाकते.

चेंडू मध्येच कुणाचाच पाय पोहोचणार नाही अशा जागी थांबतो, आणि मग मुले हात घालतात, भांडणे होतात. रॉड पूर्ण एका बाजूला सरकवा. प्रत्येक खेळाडू शेजाऱ्याच्या मूळ जागेपर्यंत पोहोचला पाहिजे. कमी पडत असेल तर भिंतीजवळचे रबर पातळ करा. तेवढ्याने बरेचदा भागते.

पृष्ठभाग पातळ फळीचा असेल तर पावसाळ्याच्या दमटपणाने मधोमध फुगतो आणि चेंडू कडेला पळतो. वरून कागद चिकटवून उपयोग नाही. खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकून घ्या, किंवा जाड प्लायवूडच बसवा. मिस्त्रीला प्लायवूडची कड रंगवायला सांगा. पाणी तिथूनच शिरते.