ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय? नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात ती का चालते?

गंगापूर धरणाच्या परिसरातून अंजनेरीच्या डोंगराकडे जाताना डांबर सोडले की मुरमाचे रस्ते लागतात. रोड बाइकचे अरुंद टायर इथे घसरतात, तर एमटीबी डांबरावर जड जाते. ग्रॅव्हल बाइक या दोन्हींच्या मधली. हँडल खाली वळलेले, टायर मात्र साधारण ३५ ते ५० मिमी रुंद. त्यात हवा कमी ठेवता येते, त्यामुळे खडीवर पकड मिळते आणि हादरे कमी बसतात.

कधी जावे?

पावसाळ्यात काळी माती चाकात अडकते. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांत औषध फवारणी सुरू होते. जानेवारी ते मार्च काढणीची लगबग. बागेतली वाट शेतकऱ्याची असते, म्हणून आधी विचारा. एकाने नुकसान केले, तर वाट सगळ्यांनाच बंद होते.