एक्सप्लेनर : वरचा बाण म्हणजे 'सरळ' की 'जिना'? सिंहस्थाच्या फलकांवर चिन्हांचा घोळ का होऊ शकतो, जाणून घ्या

नाशिक : रामकुंडाकडे जाणारा रस्ता, फलकावर वर टोक असलेला बाण. नाशिककर सरळ चालत राहील. पहिल्यांदाच आलेला भाविक मात्र समोरच्या पायऱ्या चढू शकतो. एरवी यात दोन मिनिटे वाया जातात. पर्वणीच्या दिवशी तसे नसते. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 भाविकांचा जीव गेला होता. आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे.

नेमका घोळ कुठे होतो?

एवढ्या मोठ्या मेळ्याचे फलक, अ‍ॅप आणि सोशल मीडियाच्या पोस्ट एकाच हातून तयार होत नाहीत. फिग्मासारख्या ऑनलाइन टूलमध्ये चार-पाच डिझायनर एकाच वेळी एकच फाइल उघडून बसतात. एकाने स्नानघाटासाठी लाटा काढल्या, दुसऱ्याने त्याच लाटा पिण्याच्या पाण्यासाठी वापरल्या, तर फाइल एक आणि अर्थ दोन!

यावर उपाय म्हणजे सामायिक लायब्ररी. मूळ चिन्ह बदलून लायब्ररी पुन्हा प्रकाशित केली की जिथे जिथे ते वापरले आहे, तिथे अपडेट पोहोचते. पण अर्थ टूल ठरवत नाही. प्रत्येक चिन्हापुढे एक ओळ लिहावीच लागते : 'लाटा - स्नानघाट, नळ व पेला - पिण्याचे पाणी'. हेच काम सर्वात कंटाळवाणे, त्यामुळे तेच राहून जाते.

त्रिशूळ कुठे चालेल?

शैव आखाड्यांचे स्नान त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात, तर वैष्णव आखाड्यांचे नाशिकच्या रामकुंडात होते. त्यामुळे रामकुंडाची दिशा दाखवायला त्रिशूळ वापरला, तर जाणकार भाविक हमखास गोंधळेल. सजावटीत तो शोभतो, दिशादर्शक फलकावर नाही.

प्रथमोपचार केंद्रावर लाल क्रॉस काढण्याची सवयही सोडावी लागेल. हे चिन्ह जिनिव्हा करार कायदा, 1960 नुसार संरक्षित आहे, परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्याऐवजी हिरव्या चौकटीत पांढरा क्रॉस हे आंतरराष्ट्रीय मानक चिन्ह आहे.

फक्त रंगावर विसंबणेही धोक्याचे. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका, मांसाहारासाठी तपकिरी ठिपका असायचा. रंगांधळ्यांना दोन्ही सारखेच दिसायचे. म्हणून एफएसएसएआयने 2020 च्या नियमांत मांसाहारासाठी त्रिकोण आणला. कुंभात तर ध्वज, मंडप, कमानी सगळेच भगवे. त्यात भगवा फलक कोणाला दिसणार?

चाचणी मात्र सोपी आहे. चिन्ह मजकुराशिवाय, काळ्या-पांढऱ्या रंगात छापायचे आणि पंचवटीत बसमधून उतरणाऱ्या परगावच्या प्रवाशाला विचारायचे, 'हे काय आहे?' तो अडखळला, तर फाइल पुन्हा उघडायची.