एक नदी, तीन देश आणि एक गोगलगाय

वर्गातल्या आफ्रिकेच्या नकाशात पश्चिम किनाऱ्याकडे सेनेगल नदी शोधा. गिनीच्या डोंगरात उगम पावून, मालीतून वाहत ती अटलांटिक महासागराला मिळते. पुढचा बराच प्रवास ती सेनेगल आणि मॉरिटानिया यांची सीमा म्हणून करते. पाऊस पडतो तो मुख्यतः वर. खालचा मुलूख सहाराच्या काठचा, कोरडा. पावसाळा संपता संपता पूर खाली पोचतो आणि तो ओसरू लागला की ओल्या गाळात लोक ज्वारी पेरतात. आपल्या रब्बी ज्वारीसारखीच तीही जमिनीतल्या ओलीवर येते. पुराच्या पसरट पाण्यात मासे वाढतात, पाणी सरल्यावर तेथेच गुरे चरतात. पूर म्हणजे येथे संकट नव्हे, हंगाम.

1968 नंतर मोठे दुष्काळ पडले. 1972 साली माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी नदीच्या विकासासाठी एक संघटना स्थापन केली. (गिनी 2006 साली आली.) नुसता पाणीवाटपाचा करार करून हे देश थांबले नाहीत. धरणे कोणाच्याही जमिनीवर असोत, मालकी सर्वांची, असे त्यांनी ठरवले. मालीतल्या मनान्ताली धरणाच्या विजेतला 52 टक्के वाटा मालीला, 33 सेनेगलला आणि 15 मॉरिटानियाला मिळाला. 1989 साली सेनेगल-मॉरिटानियात रक्तपात झाला, राजनैतिक संबंध तुटले. संघटना मात्र मोडली नाही. नदीवरून भांडणाऱ्यांनी पाहावे असे हे उदाहरण आहे.

पण या करारात नदीतल्या जिवांना कोणी विचारले नव्हते!

कोरड्या ऋतूत समुद्राचे खारे पाणी नदीतून 200 किलोमीटरहूनही आत शिरत असे. ते अडवण्यासाठी मुखाजवळ दियामा येथे बंधारा बांधला. तो 1986 साली पुरा झाला. आता वर वर्षभर गोडे, संथ पाणी राहू लागले. भात आणि ऊस यांना ते मानवले, तसेच पाणकणसालाही. त्याच्या दाट बेटांनी कालवे आणि मासेमारीच्या जागा व्यापल्या. आणखी एका प्राण्याचे फावले. खारे पाणी न सोसणारी एक छोटी गोगलगाय सर्वत्र पसरली. शिस्टोसोमा नावाच्या कृमीचे बालपण हिच्या शरीरात जाते. तेथून बाहेर पडलेल्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पुढे कृमींची अंडी माणसाच्या विष्ठेतून पुन्हा पाण्यात येतात आणि चक्र पुरे होते. 1988 साली रिशार-तोल या उसाच्या गावी आतड्याच्या शिस्टोसोमियासिसचे पहिले रुग्ण आढळले आणि पाहता पाहता साथ पसरली. पोहणारी मुले, धुणे धुणाऱ्या बाया, पाटात उभे राहणारे मजूर, कोणीच सुटले नाही.

या गोगलगायी खाणारी एक मोठी कोळंबी नदीत होती. तिची पिल्ले मात्र मुखाजवळच्या मचूळ पाण्यातच वाढतात. बंधाऱ्याने तिची ये-जा रोखली. म्हणजे एकाच भिंतीने गोगलगायीला घर दिले आणि तिच्या शत्रूची वाट अडवली. एका गावी पाणवठ्यात कोळंबी पुन्हा सोडून पाहिली, तेव्हा गोगलगायी आणि लागण दोन्ही घटली. हा प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. औषधाने कृमी मरतात, पण तोच माणूस पुन्हा त्याच पाण्यात उतरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रयोगाचे मोल कळते.

बंधाऱ्याखाली, मॉरिटानियाच्या बाजूला, उलटेच झाले. पूर बंद झाला, त्रिभुज प्रदेशातली पाणथळ जमीन वाळली आणि खारवली. मासे गेले, पक्षी गेले. बाया ज्या गवताच्या चटया विणत, ते गवतही गेले. तेथे 1991 साली जावलिंग राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि 1994 पासून दारे उघडून दरवर्षी मुद्दाम पूर सोडला जाऊ लागला. मासे, पक्षी आणि चटयांचे गवत परतले. 2002 साली देशांनी केलेल्या जलसनदेत अशा कृत्रिम पुराला स्थान मिळाले. अडचण एवढीच, की मनान्तालीतून पुरासाठी एकदम सोडलेल्या पाण्यातले बरेचसे जनित्रांना वळसा घालून जाते. त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी पुरासाठी किती पाणी सोडायचे आणि विजेसाठी किती राखायचे, हा वाद पुन्हा निघतो.